जलसंजीवनीमागचे कोडे सोडवणारे डॉ. शंभुनाथ डे

जुलाब लागले की रुग्णाचे पाणी तोडायचे, ही समजूत फार जुनी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती सांगितली आणि एकेकाळी डॉक्टरांनीही सांगितली. पोटात घातलेले सगळे बाहेरच येते आहे, मग आणखी घालून काय उपयोग, असा तो हिशेब. दिसायला सरळ, पण त्यापायी किती मुले तहानेने गेली याची मोजदाद कुठेच नाही. हा हिशेब नेमका कुठे चुकतो ते समजायला एक प्रयोग कारणीभूत ठरला. तो कलकत्त्यात झाला, सशाच्या आतड्यावर, दोऱ्याच्या दोन गाठी मारून. तो करणारे होते डॉ. शंभुनाथ डे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्यांचे काम पानोपानी आहे, पण त्यांचे नाव बहुतेक डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

डे यांचा जन्म 1 फेब्रुवारी 1915 रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी या गावी झाला. घर मोठे, एकत्र कुटुंबाचे. वडिलांचा व्यापार जेमतेम चालणारा. घरात शिकलेले म्हणता येतील असे एक काका होते. त्यांनी पुतण्याच्या अभ्यासाकडे लक्ष दिले. गावच्या शाळेतून मॅट्रिक उत्तम गुणांनी पास झाल्यावर शिष्यवृत्तीच्या आधाराने हुगळी मोहसीन कॉलेज आणि पुढे कलकत्ता मेडिकल कॉलेज असा प्रवास झाला. कलकत्त्यात राहण्या-जेवण्याची सोय एका सहृदय गृहस्थाने केली नसती, तर हे शिक्षण अर्ध्यावरच राहिले असते. 1939 मध्ये ते डॉक्टर झाले. 1942 मध्ये त्यांनी उष्ण प्रदेशातील रोगांची पदविका घेतली आणि आपल्याच कॉलेजात पॅथॉलॉजी विभागात शिकवू लागले. थोडे दिवस खासगी दवाखानाही चालवून पाहिला, पण त्यात मन रमले नाही.

1947 मध्ये ते लंडनला गेले. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या मेडिकल स्कूलमध्ये रॉय कॅमेरून या नामांकित पॅथॉलॉजिस्टच्या हाताखाली त्यांनी 1949 मध्ये पीएच.डी. पूर्ण केली. प्रबंधाचा विषय वेगळा होता, पण डोक्यात कलकत्त्याची पटकी होती. मायदेशी परतल्यावर कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात नोकरी करताना त्यांनी हाच विषय हाती घेतला. पटकी त्यांच्या दाराशीच होती. गंगेच्या खोऱ्यात हा आजार दरवर्षी येई आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत दगावे.

त्या वेळी पटकीबद्दल काय माहीत होते? रॉबर्ट कॉख यांनी 1884 मध्ये याच कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पक्का केला होता. हा जंतू एखादे विष सोडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. पण पुढे सत्तर वर्षे ते विष कोणाला सापडले नाही. संशोधक जंतू प्राण्यांच्या रक्तात टोचत, कातडीखाली टोचत, पोटाच्या पोकळीत सोडत. प्राणी कधी मरत, कधी जगत. माणसाला होतात तसे तांदळाच्या धुवणासारखे जुलाब मात्र कशानेच होत नसत. जंतू आतड्याचे अस्तर सोलून काढतो आणि उघड्या पडलेल्या जागेतून पाणी पाझरते, असे तेव्हा अनेकांना वाटे. म्हणजे भाजलेल्या कातडीसारखी आतड्याची अवस्था. एकदा हे मान्य केले की पाणी तोडण्याचा सल्ला शास्त्रीयही वाटू लागतो, कारण जखमी आतडे पाणी शोषणार तरी कसे?

डे यांना या सगळ्यात एक साधी गोष्ट खटकली. पटकीचा जंतू रक्तात शिरत नाही. तो आतड्याच्या पोकळीत राहतो आणि तिथेच काय करायचे ते करतो. मग त्याला रक्तात टोचून काय कळणार? जंतू जिथे राहतो तिथेच त्याला ठेवून पाहायला हवे. त्यांनी सशाला भूल दिली, पोट उघडले, लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पिशवीत सुईने पटकीचे जंतू सोडले. पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी पाहिले तर बांधलेला तुकडा पाण्याने टम्म फुगला होता. शेजारच्या तुकड्यात जंतूंशिवायचे नुसते द्रावण घातले होते. तो रिकामा आणि चपटा होता. आतले पाणी हुबेहूब पटकीच्या जुलाबासारखे दिसत होते.

महागडे यंत्र नाही, परदेशी रसायन नाही. सहकारी डी. एन. चटर्जी यांच्यासोबत हे काम 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञानात असे अनेकदा होते, तसे इथेही झाले होते: जवळपास हाच प्रयोग दोन युरोपीय संशोधकांनी 1915 मध्ये, म्हणजे डे यांच्या जन्माच्याच वर्षी, केला होता आणि जग तो विसरून गेले होते. डे यांनी तो स्वतंत्रपणे केला आणि मुख्य म्हणजे तिथेच थांबले नाहीत.

योगायोग असा, की त्याच वर्षी त्याच शहरातून आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. हेमेंद्रनाथ चटर्जी या डॉक्टरांनी पटकीच्या 186 रुग्णांना आधी उलटी थांबवून मीठ आणि ग्लुकोजचे पाणी तोंडाने पाजले आणि ते बरे झाल्याचे लॅन्सेटमध्ये लिहिले. एका लिटरमागे 4 ग्रॅम मीठ आणि 25 ग्रॅम ग्लुकोज. आजच्या जलसंजीवनीच्या फार जवळचे हे प्रमाण. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि तोंडाने दिलेले पाणी पटकीत शोषले जाते तरी का, याचे उत्तरही कोणाकडे नव्हते. वैद्यक जगताने निबंध वाचला आणि बाजूला ठेवला. उपाय एका डॉक्टरकडे होता आणि त्यामागच्या कारणाची पहिली खूण दुसऱ्याकडे, एकाच गावात. दोन्हींची गाठ पडायला आणखी दहा-पंधरा वर्षे जायची होती.

1955 मध्ये डे कलकत्ता मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी आणि बॅक्टेरिऑलॉजी विभागाचे प्रमुख झाले. व्याख्याने, परीक्षा आणि रुग्णालयाचे नमुने सांभाळून उरलेल्या वेळात संशोधन चालू राहिले. 1956 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हीच पद्धत ई. कोलाय या जंतूला लावली आणि जुलाबाच्या रुग्णांमधल्या या जंतूच्या काही जातीही आतड्यात तसेच पाणी ओतायला लावतात, हे दाखवले. आज प्रवासात किंवा उघड्यावरचे खाऊन होणाऱ्या जुलाबांमागे याच जाती मोठ्या प्रमाणावर असतात. त्यामुळे डे यांची गोष्ट पटकीपुरती नाही. आपल्या घरात पावसाळ्यात येणाऱ्या साध्या गॅस्ट्रोचीही ती आहे.

एक प्रश्न उरला होता. पाणी जंतू खेचतो की त्याचे विष? डे यांनी पटकीचे जंतू द्रावणात वाढवले आणि ते द्रावण इतके बारीक गाळले की एकही जंतू मागे राहू नये. हे जंतूविरहित पाणी त्यांनी सशाच्या बांधलेल्या आतड्यात सोडले. तुकडा फुगला. म्हणजे जंतूने बाहेर सोडलेले विष एकट्यानेच हे सारे करत होते. 1959 मध्ये नेचर या साप्ताहिकात छोटासा लेख आला. पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कॉख यांचा अंदाज खरा ठरला होता. त्याच वर्षी मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि त्यांचे सहकारी पानसे व कुलकर्णी यांनी, जंतू फोडून काढलेला अर्क सशाच्या नवजात पिल्लांना तोंडाने देऊन, तसेच जुलाब घडवून दाखवले. पटकीचे विष एकाच वर्षी कलकत्ता आणि मुंबई अशा दोन ठिकाणी हाती लागले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

या शोधाचा अर्थ घरातल्या माणसाच्या भाषेत असा. पटकीत आतडे फाटत नाही, सोलवटत नाही. ते शाबूत असते. विष आतड्याच्या पेशींवर बसते आणि त्यांना आतून मीठ-पाणी बाहेर ओतायला लावते, जणू कोणी नळ उघडा टाकून निघून गेले आहे. 1960 मध्ये जिवंत रुग्णांच्या आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले गेले तेव्हाही अस्तर जागच्या जागी असल्याचे दिसले. त्याच वर्षी रॉबर्ट क्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने प्रागच्या एका परिषदेत दुसरी गोष्ट मांडली: आतड्याच्या पेशी साखर आत घेतात तेव्हा तिच्याबरोबर मिठातला सोडियमही आत घेतात. आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातेच. हे साखर-मिठाचे जोडदार विषाने बंद पडत नाही. एका बाजूने नळ वाहत असला तरी दुसऱ्या बाजूने पाणी भरण्याची वाट मोकळी असते. नुसते पाणी दिले तर ते थोडेच शोषले जाते. नुसते मीठ दिले तरी तेच. दोन्हींसोबत योग्य प्रमाणात साखर असली की दार उघडते.

पाणी तोडण्याचा जुना हिशेब इथे चुकत होता. जुलाब चालू असतानाही पाजलेले पाणी अंगी लागते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत आपोआप झडून नव्या येतात. जुन्या पेशींबरोबर विषही जाते आणि नळ बंद होतो. बहुतेक जुलाब औषधाविना थांबतात ते यामुळे. तेवढे दिवस शरीरातले पाणी आणि क्षार टिकवून ठेवणे एवढेच काम उरते, आणि ते स्वयंपाकघरात होते.

डे यांच्या कामातून घरासाठी जे निघते ते असे. जलसंजीवनीचे पाकीट असेल तर ते पूर्ण पाकीट, त्यावर लिहिले आहे तितक्याच उकळून थंड केलेल्या पाण्यात मिसळावे. अर्धे पाकीट आज आणि अर्धे उद्या असे करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव घेऊन पाहावी. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते फेकून नवे करावे. ही काळजी वरवरची नाही. 1962 मध्ये मनिलात अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी तोंडाने द्यायचे द्रावण वापरून पाहिले तेव्हा क्षारांचे प्रमाण जास्त झाल्याने काही रुग्ण दगावले होते. केलेले पाणी चोवीस तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप, आणि मोठ्या माणसाला पिववेल तितके. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने, मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने पाजत राहावे. इथेच घरची माणसे हात टेकतात. ग्लासभर पाणी एकदम पाजले, ते उलटून पडले, की हे काही टिकत नाही असे म्हणून सोडून देतात. चमच्याने पाजणे कंटाळवाणे काम आहे आणि सलाईन लावल्यावर वाटणारे समाधान त्यात नाही, पण बहुतेक मुले या चमच्यानेच वाचतात.

मिठाची पेज, मुगाच्या डाळीचे पाणी, मीठ घातलेले ताक हे सारे चालते. पेजेतल्या पिठुळ पदार्थाची आतड्यात साखरच होते, त्यामुळे तिचे काम जलसंजीवनीसारखेच चालते. शीतपेये, डब्यातले फळांचे रस आणि फार गोड सरबते मात्र टाळावीत. जादा साखर आतड्यात आणखी पाणी खेचते. दुकानात जलसंजीवनीच्या नावाशी मिळतेजुळते नाव लावलेली गोड पेये दिसतात, तीही याच वर्गातली. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध एक वेळही बंद करू नये. मोठ्या मुलाला मऊ भात, खिचडी, केळे असे नेहमीचे खाणे थोडे थोडे देत राहावे. सरकारी दवाखान्यात मुलांना यासोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवसांपर्यंत देतात, त्या पूर्ण कराव्यात.

जुलाब दाबणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नयेत. आतड्याची हालचाल थांबली म्हणून पाणी ओतणे थांबत नाही; ते फक्त दिसेनासे होते आणि घरचे निर्धास्त होतात. प्रतिजैविकेही बहुतेक जुलाबांत निरुपयोगी ठरतात. पण घरच्या उपायाला मर्यादा आहे. शौचातून रक्त पडत असेल, मूल गळून गेले असेल किंवा पाणी पीतच नसेल, डोळे आणि टाळू खोल गेली असेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, प्रत्येक घोट उलटून पडत असेल किंवा ताप खूप असेल, तर घरी थांबू नये. धुवणासारखे भराभर जुलाब होत असतील तर मोठ्या माणसानेही थांबू नये. पटकीच्या जोरदार हल्ल्यात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते, तिथे शिरेतून सलाईनच लागते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत मात्र वाटेत पाजणे चालू ठेवावे.

हे सारे कागदावरून माणसांपर्यंत पोहोचले ते दोन टप्प्यांत. 1968 मध्ये ढाक्यातील पटकी प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी रुग्णांवर मोजूनमापून दाखवले की तोंडाने दिलेल्या साखर-मिठाच्या पाण्याने सलाईनची गरज मोठ्या प्रमाणात कमी होते. मग 1971 साल उजाडले. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावण्यांत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीश यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बांधून घेतल्या, नळ बसवलेल्या पिंपांत ते पाणी कालवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. छावणीत तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. पाजणारे हात आया, बहिणी आणि भाऊ यांचे होते. 1978 मध्ये लॅन्सेटने साखर आणि सोडियम यांच्या या जोडीच्या शोधाला विसाव्या शतकातील वैद्यकाच्या सर्वांत मोठ्या शोधांत जागा दिली. तरीही 1980 च्या सुमारास जगात दरवर्षी पंचेचाळीस लाखांहून अधिक लहान मुले जुलाबाने मरत होती. आज हा आकडा त्याच्या सुमारे एक दशांशावर आला आहे. त्यात स्वच्छ पाण्याचा आणि लशींचा वाटा आहेच.

आणि डे? 1961 मध्ये त्यांनी पटकीवर एक पुस्तक लिहिले. त्यानंतर त्यांना हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे काढायचे होते. त्यासाठी लागणारी थंड खोली, वेगाने फिरणारी यंत्रे, रसायनशास्त्राचे साहाय्य हे त्या विभागात जुळून आले नाही. काही वर्षे झगडून त्यांनी तो नाद सोडला. 1969 मध्ये अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टाइन यांनी विष शुद्ध करून दाखवले. साधने मिळाली असती तर डे यांनी ते आधी केले असते की नाही, हे सांगता येत नाही. पण ज्या शहराने हा रोग जगाला दिला असे म्हटले जाई, त्याच शहरातला माणूस उत्तराच्या दारापर्यंत जाऊन सामानाअभावी परत फिरला, हे बोचणारे आहे. ते अबोल होते, कोणाच्या मागे लागणारे नव्हते. देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले नाही. हयातीत एखादा मोठा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला नाही. 1973 मध्ये निवृत्त झाल्यावर ते कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन काम करत राहिले.

नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी डे यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी एकाहून अधिक वेळा सुचवले होते. 1978 मध्ये स्टॉकहोमला पटकी आणि जुलाबांवर नोबेल परिसंवाद भरला, त्याचे आमंत्रण डे यांना आले. साठीच्या पुढचे डे तिथे गेले आणि आपल्या कामाविषयी बोलले. साठच्या दशकाच्या आरंभापासून विज्ञानाच्या दृष्टीने आपण हयातच नव्हतो आणि या आमंत्रणाने आपल्याला उकरून बाहेर काढले, अशा अर्थाचे काही ते त्या सभेत म्हणाले. 15 एप्रिल 1985 रोजी ते गेले. पाच वर्षांनी, 1990 मध्ये, बंगळूरहून निघणाऱ्या करंट सायन्स या नियतकालिकाने त्यांच्यावर खास अंक काढला.